कुंदाताईंची पट्टी

न्यूझीलंडच्या जुन्या घरांत एक कपाट असतं. त्याला म्हणतात हॉट वॉटर कपबर्ड. खाली गरम पाण्याची टाकी, वर लाकडी फळ्या. गोरी माणसं त्या फळ्यांवर टॉवेल आणि चादरी ठेवतात, म्हणजे त्या ऊबदार राहतात. आपली माणसं तिथे दही लावतात, इडलीचं पीठ फुगवतात. सँडरिंगहॅमच्या आमच्या भाड्याच्या घरात या कपाटात टॉवेल, दही, पीठ आणि माझी थोरली मेहुणी राहत असे.

राहत असे म्हणजे रोज पहाटे पाऊण-एक तास. बाकी वेळ त्यांना स्वतंत्र खोली होती. हे आधीच सांगून ठेवतो, उगाच सासुरवाडीकडे गैरसमज नको.

कुंदाताई म्हणजे माझ्या बायकोची, नीलाची, मोठी बहीण. ब्याण्णव साली त्या मिरजेहून ऑकलंडला आल्या. तिथे इस्पितळात सिस्टर होत्या, इथेही इस्पितळातच लागल्या. वय चाळिशीच्या उंबरठ्यावर, अंगाने शिडशिडीत, वेणी घट्ट. लग्न केलेलं नव्हतं. का केलं नाही असं कुणी विचारलं, तर त्या विचारणाऱ्याचं मनगट धरून नाडी बघत आणि म्हणत, "तुम्हाला कशाला काळजी? आधीच धडधडतंय तुमचं." नाडी बघणं ही त्यांची खोडच होती. लोक शेकहँडसाठी हात पुढे करत, ताई तो बरोबर मनगटाशी पकडत. मी ज्या फार्मसीत काम करत होतो तिथल्या मालकाशी मी त्यांची ओळख करून दिली, तेव्हा नमस्कार-चमत्काराच्या आधी त्यांनी त्याला कॉफी कमी करायला सांगितलं. त्याने केली. मी त्याच्याकडे इतकी वर्षं होतो, माझं एक वाक्य त्याने कधी ऐकलं नव्हतं.

आणि आवाज! एवढ्याशा देहातून तो यायचा कुठून, देव जाणे. आडातून बादली वर यावी तसा खालून, भरलेला, जड. फोनवर त्या बोलल्या की पलीकडचा माणूस "येस, सर" म्हणे. त्यांनी दुरुस्त करणं सोडून दिलं होतं. मिरजेला लहानपणी त्या एका बुवांकडे गाणं शिकत. सात वर्षं शिकवून झाल्यावर बुवांनी सांगितलं, "पोरी, सूर पक्का आहे, पण आवाज बाप्याचा आहे. बायकांच्या पट्टीत गायला लागलीस की ये." त्या काही आल्या नाहीत. नर्सिंगला गेल्या.

हे मला नंतर कळलं. आधी कळलं असतं तर मंडळाच्या गणपतीत त्यांचं नाव मी दिलं नसतं.

आमच्या मंडळाचा गणपती तेव्हा सँडरिंगहॅममधल्या एका भाड्याच्या हॉलमध्ये बसे. सांस्कृतिक कार्यक्रम डॉक्टर दातारांच्या हातात. दातारसाहेब भूलतज्ज्ञ, आणि पेटीही तेच वाजवत. दोन्हीकडे परिणाम साधारण सारखा होई. ताई स्टेजवर बसल्या तेव्हा साहेबांनी न विचारता काळी चार धरली.

"मला काळी एक लागते," ताई म्हणाल्या.

"अहो, ती पुरुषांची."

"असेल. पण माझीपण आहे."

"ताई, तबला काळी चारला लावलाय."

तबला लावलाय म्हटल्यावर मराठी माणसाचा युक्तिवाद संपतो. ताई गायल्या. अस्ताई कशीबशी पार पडली. अंतऱ्याला आवाज चढाला लागलेल्या जुन्या गाडीसारखा झाला, आणि वरच्या सा-च्या अलीकडे फाटला. पहिल्या रांगेत कुणाचं तरी पोर हसलं. मग लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्या जरा जास्तच. प्रसादाच्या रांगेत एक बाई ताईंना म्हणाल्या, "आरतीला मात्र छान लागेल हो तुमचा आवाज. मागून."

घरी येताना गाडीत ताई म्हणाल्या, "माधवराव, मिरजेत एकाने सांगितलं होतं. आज सगळ्या हॉलने सांगितलं. विषय संपला."

विषय संपला नाही. तो कपाटात गेला.

कपाटातच का? तर घराच्या भिंती लाकडी, आमची दोन पोरं झोपलेली, आणि टाकीतून एक बारीक घूं असा आवाज सतत येत असे, तो ताईंच्या सा-शी तंतोतंत जुळे. तंबोरे बनवणाऱ्या गावची बाई ऑकलंडात पाण्याच्या टाकीवर खर्ज लावू लागली. ताईंची सकाळची ड्यूटी असली की कपाट मुकं राही, आणि त्या दिवशी दही पातळ लागतं असं नीलाचं ठाम मत होतं. मी विज्ञानाचा माणूस, मला ते पटत नसे. पण दही पातळ लागे, हे खरं.

असं वर्षभर चाललं. मग एका शनिवारी सकाळी शेजारचा बर्ट कुंपणापाशी आला. बर्ट सत्तरीचा, बायको वारलेली. जन्मभर लोकरीची प्रत ठरवण्याचं काम केलेलं, त्यामुळे कुणाशीही बोलताना त्याच्या बाहीचं कापड दोन बोटांत चोळून बघायचा. भर हिवाळ्यात पायात जँडल्स, म्हणजे रबरी चपला, हातात परसातल्या सिल्व्हरबीटची, म्हणजे इथल्या पालकाची, जुडी. ती माझ्या हातात देऊन तो म्हणाला,

"माझा काही संबंध नाही म्हणा. पण रोज पहाटे तुझ्या कपाटात तो बाप्या कोण असतो?"

कुठल्याही नवऱ्याने सकाळच्या प्रहरी शेजाऱ्याकडून हा प्रश्न ऐकू नये. मी खिडकीतून आत पाहिलं. नीला कणीक मळत होती. तिच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं, पण तसं ते कधीच दिसत नाही. इतक्यात डोक्याला ऊबदार टॉवेल गुंडाळून, हातात दह्याचं भांडं घेऊन कुंदाताई मागच्या दारात आल्या आणि आपल्या आवाजात म्हणाल्या, "गुड मॉर्निंग, बर्ट."

बर्टने माझ्याकडे बघितलं. "हाच तो बाप्या?"

"हाच," मी म्हटलं.

"वेल," तो म्हणाला, "मग तर आणखी चांगलं."

बर्टच्या मागच्या शेडमध्ये एक वाद्य होतं. टेबलासारखी आडवी गिटार, खाली पेडलं, आणि डाव्या हातात धरायची एक लोखंडी नळी. ती नळी तारांवरून सरकवली की सूर एका जागेवरून दुसऱ्या जागी उडी मारत नाही, घसरत जातो, रडवेला होत. बर्टने नुसती एकदा सरकवून दाखवली आणि ताई ओरडल्या, "अगंबाई, मींड!" मींड म्हणजे काय हे बर्टला ठाऊक नव्हतं आणि कंट्री म्युझिक म्हणजे काय हे ताईंना. पण बर्टने मग एक प्रश्न विचारला. अगदी सहज, चहात साखर किती विचारावी तसा.

"व्हॉट्स युअर की, लव्ह? तुझी पट्टी कुठली?"

मी पुढे होऊन काहीतरी बोलणार, एवढ्यात त्यांनी आपली काळी एक इंग्रजीत सांगितली, "सी शार्प. खालचा."

"स्वीट अ‍ॅज, झकास," बर्ट म्हणाला आणि नळी तिथे नेऊन ठेवली.

त्या दिवशी ताई घरी येऊन स्वयंपाकघरात बसल्या. समोरचा चहा गार झाला. "माधवराव," त्या म्हणाल्या, "त्याने विचारलं हो."

"काय विचारलं?"

"पट्टी. आधी विचारलं, मग वाजवलं."

बँडचा जन्म असा झाला. ड्रमवर हेमी आला. हा फ्रिज दुरुस्त करणारा दांडगा माओरी गडी, पहिल्या दिवसापासून ताईंना "आन्टी" म्हणणारा. बासवर लिन, शाळेत गणित शिकवणारी, महिन्याकाठी एखादं वाक्य बोलणारी. बँडला नाव काय द्यायचं यावर खूप खल झाला. शेवटी लिन तिचं त्या महिन्याचं वाक्य बोलली. "द हॉट वॉटर कपबर्ड," ती म्हणाली. तेच राहिलं.

हे लोक जे वाजवत त्याला आल्टरनेटिव्ह कंट्री म्हणतात असं पुढे रेडिओवाल्यांनी सांगितलं. मी हेमीला अर्थ विचारला. तो म्हणाला, "हे बघ, कंट्री म्हणजे घोडा, दारू आणि सोडून गेलेली बाई. आल्टरनेटिव्ह म्हणजे तेच, पण घोडा नाही." आमच्याकडे दारूही नव्हती, आणि बाई तर गात होती. तरी नाव चाललं.

ताईंची तयारी बघण्यासारखी असे. गाणं सुरू करायच्या आधी त्या हेमीचं मनगट धरत आणि त्याच्या नाडीवरून लय ठरवत. "आज घाईत आहे हा, काय खाल्लंस रे? थोडं थांबू." दुःखाचं गाणं असलं की श्रोत्यांना बजावत, "थोडं टोचेल हं." टाळ्या संपायच्या आत म्हणत, "नेक्स्ट पेशंट." गाणीही त्यांची वॉर्डातलीच. इंग्रजी साधं, सिस्टर रुग्णाशी बोलते तसं. त्यातलं एक होतं, "व्हिजिटिंग अवर्स." कोपऱ्यातल्या खाटेवर एक म्हातारा शेतकरी आहे. बाहेर दुष्काळ पडलाय. तो रोज सिस्टरला विचारतो, माझ्या कुरणावर पाऊस झाला का? सिस्टर रोज खरं सांगते, नाही झाला. एके दिवशी ती ड्यूटीवर येते, नळाखाली डोकं धरते, केस ओले करते आणि त्याच्या खाटेपाशी जाऊन उभी राहते. काही बोलत नाही. तो तिच्या केसांकडे बघतो. गाणं तिथे संपतं. मी ते गाणं किती वेळा ऐकलं असेल! तरी दर वेळी त्या ठिकाणी मला व्हॅनचं कुलूप लावलंय की नाही ते बघून यावंसं वाटे.

व्हॅन माझ्याकडे होती. बँडमधलं माझं पद ड्रायव्हर-कम-कातडेवाहक.

कातड्याची गोष्ट अशी. पहिला जाहीर कार्यक्रम अवोन्डेलच्या एका पबमध्ये होता. ताईंनी उभ्याने एक गाणं म्हटलं आणि थांबल्या. "उभ्याने राउंड घेतात," त्या माईकवर म्हणाल्या, "गातात बसून." मालकाने खुर्ची आणली. ताईंना मांडी घालायची होती. मग हेमीने बिअरचे चार क्रेट मांडले, त्यावर कोठारातलं जुनं दार आडवं टाकलं, त्यावर बर्टने आपल्या गाडीतलं मेंढीचं पांढरंशुभ्र कातडं अंथरलं. ताई पायातलं काढून वर चढल्या, मांडी घातली, पदर नव्हता तरी सवयीने खांद्यावरून हात फिरवला. आणि मग हात जोडून समोर बघायला लागल्या. कुणाला तरी शोधत होत्या.

मला कळलं. आपल्याकडे गाणारा बैठकीत वडीलधाऱ्यांची परवानगी घेतो, मग सुरू करतो. ताई त्या पबमधला सगळ्यात म्हातारा माणूस शोधत होत्या.

तो सापडला. बारच्या कोपऱ्यात, घोड्यांच्या शर्यतीचं पान वाचत बसलेला. ताई तिथूनच हात जोडून म्हणाल्या, "सर, मी सुरू करू का?"

सगळा पब त्याच्याकडे वळला. त्याने आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे. चष्मा काढला. "गो ऑन, लव्ह," तो म्हणाला, "मी कुठे अडवलंय!"

हशा झाला, पण ताईंनी मान लववली आणि सा लावला. हशा जागच्या जागी बसला. त्या म्हाताऱ्याने शर्यतीचं पान घडी करून खिशात घातलं. पुढे दर शुक्रवारी तो पुढच्या टेबलाशी येऊन बसू लागला, स्वच्छ दाढी करून. परवानगी देणं ही आपली नोकरीच आहे, अशा थाटात.

हळूहळू नाव झालं. विद्यापीठातल्या पोरांच्या रेडिओने एक कॅसेट वाजवली. हॅमिल्टनला बोलावणं आलं, मग नेपियरला. आणि शहाण्णव साली रेकॉर्ड कंपनीचा एक माणूस बर्टच्या शेडमध्ये आला. तरुण, केसांची शेपटी बांधलेला. त्याने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाला, "तुमची रेकॉर्ड मी काढतो. गाणी सुंदर आहेत. फक्त दोन बारीक गोष्टी. चार घरं वर गायचं, म्हणजे बाई गातेय असं कळेल. आणि उभं राहायचं. बूट घालून." पुढच्या महिन्यात तारानाकीत कंट्रीची एक स्पर्धा होती. तिथे तो ऐकायला येणार होता. नव्या पट्टीत जमलं तर तिथेच सही.

ताई त्याला हाकलतील असं मला वाटलं होतं. त्यांनी बर्टकडे पाहिलं. बर्ट तारा पुसत होता. त्याने एकदा, खूप आधी, सांगितलं होतं की आयुष्यात एक रेकॉर्ड व्हावी. मागच्या बाजूला बारीक अक्षरात का होईना, नाव असावं. आता त्याची बोटं सकाळी लवकर उघडत नसत. ताई त्याला गरम मेणाचा शेक द्यायच्या.

"हो," ताई म्हणाल्या.

तारानाकीच्या रस्त्याला मी व्हॅन चालवत होतो आणि ताई माझ्या शेजारी होत्या. बाकीचे मागे झोपलेले. बाहेर नुसती हिरवी कुरणं. ताईंच्या मांडीवर नव्या लाल बुटांचं खोकं.

"ताई, जमेल का?" मी विचारलं.

"जमवायचं. गणपतीत फाटला तो बिनतयारीचा होता. आता महिनाभर वर चढवतेय."

"आणि कपाटात?"

त्या बाहेर बघत म्हणाल्या, "महिनाभर गेले नाही कपाटात. टाकीशी जुळत नाही ना आता." मग थोड्या वेळाने, "बर्टसाठी हो, माधवराव. त्याने मला एकदा विचारलं होतं. त्याची परतफेड चार घरांनी होत असेल तर स्वस्तच आहे."

मी गिअर बदलला. पुढे वळणं होती, आणि वळणावर मी बोललो की नीला ओरडते; ती नसली तरी मला ऐकू येतं.

स्पर्धा लोकर कातरायच्या एका भल्या मोठ्या शेडमध्ये होती. फळ्यांची जमीन, भिंतीशी लोकरीचे गठ्ठे, हवेत मेंढ्यांचा वास. समोर दोनेकशे माणसं, निम्म्यांच्या पायात गमबूट. प्रत्येकाला दहा मिनिटं. सूत्रसंचालक मोठी टोपी घातलेला एक गंभीर गृहस्थ, हातात घंटा. शेपटीवाला मागे खांबाला टेकून उभा होता. आमची पाळी आली. ताई लाल बूट घालून स्टेजवर चढल्या, आणि नुकतं प्लास्टर काढलेल्या पेशंटसारख्या चालत माईकपाशी गेल्या. उभ्या राहिल्या. बर्टने नळी ठरलेल्या वरच्या घरावर ठेवली.

आणि ताईंनी हात जोडले.

पहिल्या रांगेत मधोमध एक फार म्हातारी बाई बसली होती. गुडघ्यांवर लोकरीची शाल, पांढऱ्या केसांना रिबन. ताई चक्क स्टेजवरून उतरल्या, तिच्यापुढे वाकल्या, परवानगी मागितली. मागता मागता सवयीने तिचं मनगट धरलं. "पाणी प्यायलात का दुपारपासून?" त्यांनी विचारलं. त्या आवाजात ते माईकशिवायही शेडभर ऐकू गेलं. "ओठ कोरडे पडलेत." आणि टेबलावरचा जग उचलून त्यांनी तिला पेला भरून दिला. म्हातारी निमूट प्यायली.

टोपीवाल्याने घंटा वाजवली. "स्पर्धकाने निकालापूर्वी परीक्षकांशी बोलायचं नाही, असा नियम आहे," तो म्हणाला. "मला वाईट वाटतं, पण हा बँड बाद."

मी मागच्या दाराशी उभा होतो. मला वाटलं, जमिनीच्या फळ्यांमध्ये मेंढ्यांच्या लेंड्या पडायला फटी ठेवलेल्या असतात, त्यातून खाली जावं.

"परीक्षक?" ताई थक्क होऊन म्हणाल्या. "मला वाटलं, कुणाची तरी आजी आहे."

हास्याचा एक लोट उठला. म्हातारी पेला खाली ठेवून म्हणाली, "दोन्ही खरं आहे." ती मिसेस डॉसन, त्या भागातली एके काळची नामांकित गायिका, हे आम्हाला मागाहून कळलं. तिने टोपीवाल्याकडे मान वळवली. "बाद केलंस ना? मग घड्याळ कशाला? बक्षीस नाही म्हणजे दहा मिनिटंही नाहीत. चहाला अजून अवकाश आहे. गाऊ दे तिला."

टोपीवाल्याने घंटा खिशात घातली.

ताई परत स्टेजवर चढल्या. शेपटीवाला अजून खांबापाशी होता. स्पर्धा गेली तरी सही गेली नव्हती. त्या माईकपुढे उभ्या राहिल्या आणि वरच्या सुरासाठी श्वास भरून घेतला. त्यांचे खांदे वर गेलेले मला दिसले. गणपतीत गेले होते तसेच.

बर्टने नळी तारांवरून उचलली. वाजवलीच नाही.

"व्हॉट्स युअर की, लव्ह?" तो म्हणाला.

ताई वळल्या. "बर्ट, ठरलंय आपलं. तुझी रेकॉर्ड..."

"माझ्याकडे हीप्स, ढीगभर रेकॉर्ड्स आहेत," बर्ट म्हणाला. "दुसऱ्यांच्या आहेत, पण आहेत. विचारलंय त्याचं उत्तर दे."

सगळी शेड ऐकत होती. ताईंना इतकं हळू बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"सी शार्प," त्या म्हणाल्या. "खालचा."

बर्टने नळी तारांवर टेकवली आणि वरच्या घरावरून खाली, खाली, चार घरं सावकाश घसरत आणली. तो सूर त्या शेडमध्ये असा उतरला, की कुणीतरी डोक्यावरचं ओझं खाली ठेवतंय असं वाटलं. ताई भुईवर बसल्या आणि म्हणाल्या, "हेमी, ओढ." हेमीने लाल बूट ओढून काढले. कुणीतरी लोकरीचा गठ्ठा ढकलत स्टेजवर आणला. मी कातडं घेऊन धावलो. धावलो म्हणजे, पायरीला अडखळून कातड्यासकट स्टेजवर पोचलो. पण पोचलो. ताई गठ्ठ्यावर मांडी घालून बसल्या, हेमीची नाडी धरली, मान डोलावली.

"थोडं टोचेल," त्यांनी सांगितलं.

पुढे काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. मी मुळात मिश्रणं आणि गोळ्यांचा माणूस. एवढंच सांगतो, की तो आवाज त्या फळ्यांवरून पायांत शिरत होता. "व्हिजिटिंग अवर्स"मध्ये सिस्टर नळाखाली डोकं धरते तिथे त्यांनी शब्द सोडले आणि नुसता आलाप घेतला. बर्टची नळी त्याच्या मागोमाग, बोट धरून चालल्यासारखी. दुसऱ्या रांगेतल्या एका धिप्पाड शेतकऱ्याने टोपी काढली आणि ती काढून काय करायचं न कळून तोंडापुढे धरली. गाणं संपलं तेव्हा कुणी टाळी वाजवली नाही. मग एक गमबूट फळीवर आपटला. मग दुसरा. मग सगळी शेड पायांनी वाजायला लागली. बाहेर कुत्री भुंकू लागली, छपरावरची धूळ खाली आली.

"नेक्स्ट पेशंट," ताई म्हणाल्या.

चहा गार झाला, दुसरा ठेवला, तोही गार झाला. बक्षीस दुसऱ्या कुणाला तरी मिळालं. ते घेताना त्या माणसाने ताईंचीच परवानगी मागितली. शेपटीवाला मध्येच निघून गेला. जाताना मला म्हणाला, "अप्रतिम. पण दुकानात कुठल्या फळीवर ठेवू हे?" मी त्याला सांगणार होतो, दह्याच्या शेजारी.

मिसेस डॉसनने ताईंचा हात धरून ठेवला होता. "मी जन्मभर टाचा उंचावून गायले, डिअर," ती म्हणाली. "बसलं तरी चालतं, हे मला कुणी सांगितलंच नाही."

रेकॉर्ड झाली. त्याच शेडमध्ये, त्याच हिवाळ्यात, काळी एकमध्येच. लिनचा एक विद्यार्थी मोठा होऊन आवाज टिपायच्या धंद्यात पडला होता, त्याने यंत्रं आणली. तिसऱ्या गाण्यात मागे एक मेंढी ओरडते. ताईंनी ती ठेवली, म्हणाल्या, सुरात आहे. मागच्या बाजूला बर्टचं नाव छापलंय, ताईंच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात. बर्टने ते दोन बोटांत चोळून पाहिलं आणि "चांगली प्रत आहे," एवढंच म्हणाला. ती रेकॉर्ड आधी पोरांच्या रेडिओवर वाजली, मग मोठ्यांच्या. मग वेलिंग्टन, क्राइस्टचर्च, डनीडिन. शेवटी ऑकलंडच्या मध्यवस्तीतलं मोठं नाट्यगृह, एकही खुर्ची रिकामी नाही, आणि स्टेजवर बिअरचे तेच चार क्रेट, तेच दार, तेच कातडं. कातडं अर्थात मी नेलं. टाळ्या पडल्या. त्या मला नव्हत्या हे नीलाने नंतर सांगितलं.

त्या वर्षी गणपतीत ताईंना सन्मानाने बोलावलं. दातारसाहेब पेटी घेऊन समोर बसले, घसा खाकरला, कळांवर हात तसाच अधांतरी ठेवून म्हणाले, "कुंदाताई, आपली... आपली पट्टी कुठली?"

ताईंनी आधी त्यांची नाडी पाहिली. मग सांगितली.

अठ्ठ्याण्णवच्या शेवटी बँडला ऑस्ट्रेलियाचं बोलावणं आलं, लांबचा दौरा, पुढे बहुधा अमेरिका. निघायच्या दिवशी सकाळी व्हॅन आमच्या दारात उभी होती. या वेळी ड्रायव्हर हेमी, कारण मला फार्मसी सोडता येत नव्हती, आणि खरं सांगायचं तर ट्रेलर मागे घेताना मी आमचा लेटरबॉक्स दोनदा पाडला होता. बर्ट पुढच्या सीटवर, जँडल्समध्ये. लिन मागे. आमची पोरं "बाय, मावशी! नॉक 'एम डेड!" असं ओरडत होती. नीला डब्यांची मोजदाद करत डोळे पुसत होती.

ताई व्हॅनमध्ये चढल्या, उतरल्या, परत घरात गेल्या. कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला. मग त्या खर्जातला एक सा, टाकीशी जुळलेला, कुंपणापर्यंत आला. बर्टने खिडकीतून मान बाहेर काढली आणि डोळे मिटून ऐकला. ताई बाहेर आल्या, दह्याचं भांडं माझ्या हातात दिलं. "लागलंय. हलवू नका."

मग व्हॅनच्या दाराशी थांबून त्यांनी हात जोडले आणि समोर पाहिलं.

मी मागे वळून पाहिलं, वडीलधारं कोण आलंय म्हणून. मागे फक्त लेटरबॉक्स होता. बर्ट माझ्याहून मोठा, पण तो साथीला. आता ऐकणाऱ्यांत सगळ्यात म्हातारा मी होतो. हे माझ्या लक्षात यायला जरा वेळ लागला, पण ताईंना घाई नव्हती. त्या हात जोडून उभ्याच होत्या.

दोन्ही हातांत दही धरून मी जमेल तितका ताठ उभा राहिलो.

"होऊ द्या," मी म्हटलं.